परत येणारा अभिनेता

१० मार्च २०२५ला ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’ वाहिनीवर एक माहितीपट दाखवला गेला. मायकेल शीन या वेल्श अभिनेत्याने स्वतःच्या खिशातले एक लाख पौंड घालून दक्षिण वेल्समधल्या ९०० लोकांचे दहा लाख पौंडांचे कर्ज विकत घेतले आणि रद्द करून टाकले, अशी ती गोष्ट. आपल्या रुपयांत सांगायचे, तर एक कोटीहून थोडे अधिक पैसे देऊन सुमारे ११ कोटींचे कर्ज पुसले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही ही बातमी चार ओळींत आली. ‘अभिनेत्याचे दातृत्व’ अशा थाटाची. वाचणाऱ्यांनी ‘वा’ म्हटले आणि पान उलटले.

मी मात्र त्या बातमीपाशी अडकलो. एक लाखात दहा लाखांचे कर्ज कसे फिटते, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की, हॉलिवूडमध्ये नाव कमावलेल्या माणसाला आपल्या गावातल्या अनोळखी लोकांचे हप्ते का आठवावेत? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधताना शीन यांची सगळी कारकीर्द नव्याने पाहावी लागली. मराठीत ‘परत’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. माणूस परत येतो आणि घेतलेले परत करतो. शीन यांच्या गेल्या १५ वर्षांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी एकच झाल्या आहेत, असे मला वाटते. त्याविषयी लिहायचे आहे, कारण परत येण्याचा प्रश्न आपलाही आहे.

पोलादाचे गाव

शीन यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९६९चा, वेल्समधल्या न्यूपोर्टचा. लहानपणी काही वर्षे कुटुंब लिव्हरपूलला होते. मुलगा आठ वर्षांचा असताना ते वेल्सला परतले आणि पोर्ट टॅलबटजवळच्या बॅगलन भागात स्थिरावले. पोर्ट टॅलबट म्हणजे समुद्रकाठचे पोलादाचे गाव. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये मैलोगणती पसरलेला कारखाना. गावाच्या डोक्यावरून मोटरवे जातो. तो बांधताना वस्तीतली घरे पाडली गेली. बाहेरच्या माणसाने हे गाव पाहिलेले असते ते त्या मोटरवेवरून, गाडीच्या काचेतून, नाकाला रुमाल लावून.

या लहानशा पट्ट्याने जगाला तीन मोठे अभिनेते दिले. रिचर्ड बर्टन शेजारच्या पाँट्रिडिवेन गावच्या खाणमजुराचा मुलगा, १३ भावंडांतला बारावा. अँथनी हॉपकिन्स मार्गमच्या पाववाल्याचा मुलगा. तिसरे शीन. बर्टन आणि हॉपकिन्स दोघेही फार दूर गेले. बर्टन यांची कबर स्वित्झर्लंडमध्ये आहे, हॉपकिन्स अमेरिकेचे नागरिक झाले. यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. ज्या गावात पोटाची खात्री नाही, तिथला हुशार मुलगा बाहेर पडणारच. शीनही बाहेर पडले. फरक एवढाच, की ते परत आले.

बारा वर्षांचे असताना त्यांना लंडनच्या आर्सेनल क्लबच्या युवा संघात खेळण्याची संधी चालून आली होती. त्यासाठी कुटुंबाला लंडनला बिऱ्हाड हलवावे लागले असते. घरच्यांनी नाही म्हटले. फुटबॉल सुटला आणि नाटक हाती आले. पण ते काही आकाशातून पडले नाही. वेस्ट ग्लॅमॉर्गनमध्ये सार्वजनिक पैशांवर चालणारे युवा नाट्यपथक होते. कामगारांची पोरे तिथे नाटक शिकत. शीन तिथे घडले. पुढे लंडनच्या ‘राडा’ या नामांकित नाट्यशाळेत गेले. ‘माझी शिडी सरकारी पैशाने उभी केलेली होती’ ही जाणीव त्यांच्या पुढच्या सगळ्या वागण्याच्या मुळाशी आहे. आपल्याकडे नगरपालिकेच्या शाळेत आणि सरकारी वसतिगृहात शिकलेल्या किती जणांना ही शिडी आठवते?

दुसऱ्याच्या कातडीत

१९९१मध्ये व्हेनेसा रेडग्रेव्ह यांच्यासोबत त्यांनी लंडनच्या व्यावसायिक रंगभूमीवर पाऊल ठेवले. ‘अमाडेउस’मधला त्यांचा मोझार्ट लंडनहून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेपर्यंत गेला. रंगभूमीवर त्यांचे नाव झाले, पण जगाने त्यांना ओळखले ते टोनी ब्लेअर म्हणून. पीटर मॉर्गन यांनी लिहिलेल्या ‘द डील’ (२००३), ‘द क्वीन’ (२००६) आणि ‘द स्पेशल रिलेशनशिप’ (२०१०) या तीन कृतींत त्यांनी ब्लेअर साकारला. त्याच काळात ‘फ्रॉस्ट/निक्सन’मध्ये मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट, ‘फँटॅब्युलोसा’मध्ये विनोदी नट केनेथ विल्यम्स आणि ‘द डॅम्ड युनायटेड’मध्ये फुटबॉल प्रशिक्षक ब्रायन क्लफ.

आपण मुस्लिम वाचक टोनी ब्लेअर हे नाव थंड डोक्याने वाचू शकत नाही. इराक आठवतो. म्हणून ‘द क्वीन’ पाहताना मी मनात आकस धरूनच बसलो होतो. शीन यांचा ब्लेअर राक्षस नव्हता आणि संतही नव्हता. आपल्या हसण्यावर स्वतःच भाळलेला, लोकांना आवडावे म्हणून धडपडणारा आणि त्या धडपडीतच हळूहळू बदलत गेलेला माणूस तिथे होता. राक्षसाला आपण आपल्यापासून वेगळा काढू शकतो. असा माणूस मात्र आपल्याही आसपास असतो, कधी आपल्यातही. अभिनेत्याने दिलेला हा धडा मला अनेक अग्रलेखांपेक्षा जास्त उपयोगी पडला.

खऱ्या माणसांच्या भूमिका करताना नक्कल करणे सोपे असते. शीन नकलेपाशी थांबत नाहीत. तो माणूस कशाला घाबरतो, हे ते शोधतात. फ्रॉस्टला हलके समजले जाण्याची भीती आहे. क्लफला आपण नकोसे असण्याची. विल्यम्सला एकटेपणाची. दुसऱ्याच्या भीतीकडे इतकी वर्षे बारकाईने पाहणारा माणूस पुढे आपल्या गावातल्या माणसांची भीती पाहू लागला, यात मला नवल वाटत नाही.

अमेरिकेत त्यांनी बराच काळ काढला. ‘अंडरवर्ल्ड’ आणि ‘ट्वायलाइट’सारखे धंदेवाईक चित्रपट केले, ‘मास्टर्स ऑफ सेक्स’ ही मालिका केली. पैसा आला, घरे आली. इथवरची कथा कुठल्याही यशस्वी नटाची आहे.

तीन दिवसांचे नाटक

वळण आले २०११च्या ईस्टरमध्ये. ‘नॅशनल थिएटर वेल्स’ या संस्थेने शीन यांच्यासोबत पोर्ट टॅलबटमध्ये ‘द पॅशन’ हा प्रयोग केला. लेखक ओवेन शीअर्स, आणि दिग्दर्शनात शीन यांच्या जोडीला बिल मिचेल. गुड फ्रायडे ते ईस्टरचा रविवार, असे तीन दिवस अख्खे गाव हेच रंगमंच झाले. समुद्रकिनारा, बाजारपेठ, कामगारांचा क्लब, रस्ते. गावातल्या हजारहून अधिक लोकांनी त्यात भाग घेतला. शीन यांची भूमिका ‘शिक्षक’ नावाच्या माणसाची. या शिक्षकाची स्मृती गेली आहे. तो उपदेश करत नाही, गावातल्या लोकांचे ऐकत राहतो. गावावर एका कंपनीचा डोळा आहे. शेवटी त्याला रस्त्यांतून फिरवत समुद्राजवळच्या एका वाहतुकीच्या चौकात क्रूसावर चढवले जाते. तिथे त्याला सगळे आठवते आणि तो गावाच्या आठवणी एकेक करून मोठ्याने सांगू लागतो. हजारो लोक ते उभ्याने पाहत होते.

मुस्लिम म्हणून माझी श्रद्धा वेगळी आहे. ईसा अलैहिस्सलाम आमचे पैगंबर आहेत, पण त्यांना क्रूसावर मारले गेले असे आम्ही मानत नाही. ते चित्रण मी माझ्या श्रद्धेचा भाग म्हणून पाहू शकत नाही, तसा प्रयत्नही केला नाही. मी त्यात गाव पाहिले. हे नाटक मुळात गावाच्या स्मृतीविषयी होते. ज्या वस्तीकडे जग फक्त धूर, बेकारी आणि दारू म्हणून पाहते, ती वस्ती स्वतःचे नाव स्वतःच्या तोंडून उच्चारते, ही त्यातली खरी घटना. ज्यांच्या मोहल्ल्याचे नाव वर्तमानपत्रात फक्त गुन्ह्याच्या बातमीत येते, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

त्या काळात पाहिलेल्या, ऐकलेल्या गोष्टींनी आपले आयुष्य बदलले, असे शीन नंतर अनेकदा सांगत आले आहेत. कुणी घरातल्या आजारी माणसाची एकट्याने शुश्रूषा करत होते, कुणी कर्जात होते, कुणी स्वतःच्या खर्चाने मुलांसाठी काही चालवत होते. आपण इथलेच असून आपल्याला यातले काही माहीत नव्हते, ही खंत त्यांना लागली. पुढे अमेरिकेतला मुक्काम हलवून ते वेल्सला राहायला आले.

परत केलेले पदक

२००९मध्ये त्यांना नाट्यसेवेसाठी ‘ओबीई’ हा ब्रिटिश सन्मान मिळाला होता. २०१७मध्ये त्यांना रेमंड विल्यम्स या वेल्श विचारवंताच्या नावाचे व्याख्यान द्यायचे होते. त्याच्या तयारीत त्यांनी वेल्स आणि ब्रिटिश सत्तेच्या नात्याचा इतिहास वाचून काढला. तेव्हा त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या. व्याख्यानात जे म्हणायचे ते म्हणू नये, किंवा पदक परत करावे. पदक ठेवून ते बोलणे दुटप्पीपणाचे झाले असते. त्यांनी पदक परत केले. विशेष म्हणजे त्याची पत्रकार परिषद घेतली नाही. तीन वर्षांनी, डिसेंबर २०२०मध्ये एका मुलाखतीत विषय निघाला, तेव्हा जगाला ते कळले. मिळालेल्या सन्मानाचा आपल्याला अभिमान होता आणि त्याचा अपमान करायचा नव्हता, हेही त्यांनी सांगितले.

तो इतिहास थोडक्यात सांगायला हवा. तेराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकले. १३०१मध्ये त्याने आपल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ केले. तेव्हापासून ही पदवी इंग्लंडच्या गादीच्या वारसाला मिळत आली. एकोणिसाव्या शतकात अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवत. दुसऱ्या कुणी वेल्श बोलले की पाटी त्याच्या गळ्यात जाई, आणि दिवसाअखेर ती ज्याच्या गळ्यात असे त्याला शिक्षा होई. १८४७च्या एका सरकारी अहवालाने तर वेल्श भाषेला लोकांच्या मागासपणाचे आणि अनीतीचे कारण ठरवले.

याहून बोलका आहे तो ‘वेल्श’ हा शब्द. तो ज्या जुन्या इंग्रजी शब्दातून आला, त्याचा अर्थ होतो ‘परका’. बाहेरून आलेल्यांनी आधीपासून राहणाऱ्यांनाच परके म्हटले आणि तेच त्यांचे नाव पडले. वेल्श लोक स्वतःला ‘कम्री’ म्हणतात. त्याचा अर्थ साधारण ‘एका भूमीतले सोबती’. एकाच समाजाला दोन नावे. बाहेरच्याने दिलेले ‘परके’ आणि स्वतः घेतलेले ‘सोबती’. पिढ्यानपिढ्या मराठी बोलणाऱ्या, इथल्या मातीत पुरल्या गेलेल्या पूर्वजांच्या लेकरांना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न विचारला जातो, तेव्हा मला ही दोन नावे आठवतात. इतिहास सारखा नसतो, तो जुळवून घेऊही नये. पण स्वतःच्या घरात परके ठरवले जाण्याचा अनुभव ओळखीचा असतो.

शीन यांचा बाणा मला यासाठी आवडतो, की तो कडवट नाही. २०२२मध्ये ६४ वर्षांनी वेल्सचा संघ फुटबॉलच्या विश्वचषकाला निघाला, तेव्हा दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात त्यांनी संघासाठी केलेले भाषण जगभर पाहिले गेले. त्यात इंग्लंडला चिमटे होते, द्वेष नव्हता. आपल्या लोकांवर प्रेम करायला दुसऱ्याचा तिरस्कार लागत नाही.

घरे, फुटबॉल आणि नागपूर

२०१९मध्ये बेघरांचा फुटबॉल विश्वचषक वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये भरायचा होता. शीन यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता. स्पर्धा तोंडावर आली आणि ठरलेला पैसा मिळेनासा झाला. जगभरातून निघालेल्या शेकडो बेघर खेळाडूंना ‘येऊ नका’ कळवायचे, की स्वतः झळ सोसायची? त्यांनी ब्रिटनमधले आणि अमेरिकेतले अशी आपली दोन घरे विकून पैसा उभा केला. स्पर्धा झाली. नंतर त्यांनी स्वतःला ‘ना-नफा अभिनेता’ म्हणवून घेतले. म्हणजे कमवायचे ते पुढच्या कामासाठी.

मराठी वाचकाला ही स्पर्धा अनोळखी नाही. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन विजय बारसे यांनी सुरू केलेल्या ‘स्लम सॉकर’ची पोरे याच विश्वचषकात भारतातर्फे खेळत आली आहेत. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ त्यांच्यावरूनच आला. नागपूरच्या वस्तीतल्या पोराला जगाच्या मैदानात उतरायला मिळते, त्यामागे कुठेतरी कुणीतरी अशी झळ सोसलेली असते.

कर्जाचा बाजार

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे. एक लाखात दहा लाखांचे कर्ज कसे फिटले?

उत्तर सोपे आहे आणि भयंकर आहे. कर्ज थकले की देणारी कंपनी ते बुडीत धरते आणि वसुली करणाऱ्या दुसऱ्या कंपनीला मातीमोल किमतीला विकते. शंभराचे कर्ज दहाला, कधी त्याहून कमीला. एका माणसाचे नव्हे, शेकडोंचे गठ्ठे विकले जातात. विकत घेणारा मात्र कर्जदाराकडे पूर्ण शंभराचाच तगादा लावतो. ही सगळी उलाढाल कर्जदाराला माहीतच नसते. आपले शंभराचे ओझे बाजारात दहाला विकले गेले, हे त्याला कुणी सांगत नाही. त्याला दहाची सवलतही कुणी देऊ करत नाही. शीन यांनी याच व्यवहाराचा उपयोग केला. रीतसर कंपनी काढली, असा एक गठ्ठा विकत घेतला आणि वसुली करायची नाही असे ठरवले. या साऱ्याला दोनेक वर्षे लागली.

आमच्या गल्लीतल्या एका खालांची आठवण येते. मुलीच्या बाळंतपणात त्यांनी एका फायनान्स कंपनीच्या महिला गटातून कर्ज घेतले. ते फेडायला दुसऱ्या कंपनीचे, ते फेडायला तिसरे. आठवड्याच्या बैठकीला हप्ता नसला, की गटातल्या बाकीच्या बायकांना भरावा लागे. म्हणून वसुलीवाल्यापेक्षा शेजारणीच जास्त बोलत. एकदा मला म्हणाल्या, ‘बेटा, पैशाचं काही नाही रे. दारावरची कडी वाजली की पोटात गोळा येतो, त्याचं काय करू?’ कर्जाचा आकडा कागदावर असतो. कडीचा तो आवाज कुठल्याच कागदावर नसतो.

इस्लामने व्याज हराम ठरवले, हे सगळ्यांना पाठ असते. त्याच आयतींना लागून कुरआन काय सांगतो, ते कमी जणांच्या ध्यानात असते. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि माफ करता आले तर ते अधिक चांगले. जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. आपल्याकडे रमजानमध्ये रेशनचे किट वाटले जातात, शिलाई मशिनी दिल्या जातात, त्यांचे फोटो निघतात. चांगलेच आहे. पण मोहल्ल्यात कोण कुणाच्या कर्जात आहे, व्याजाचा दर काय, ही यादी किती जमातींनी केली आहे? जे काम आपल्याला १४०० वर्षांपूर्वी नेमून दिले होते, ते एका वेल्श नटाला टीव्हीवर करताना पाहून मला लाज वाटली. आणि थोडी उमेदही.

इथे एक शंका योग्य आहे. दान टीव्हीवर दाखवायचे म्हणजे दिखावा नाही का? मीही हा विचार केला. उघड दान चांगले आणि लपवून दिलेले अधिक चांगले, अशी आपली शिकवण आहे. पण या माहितीपटाचा रोख दात्याच्या चेहऱ्यापेक्षा बाजाराच्या चेहऱ्यावर होता. ९०० लोकांचे कर्ज संपले, ही त्यातली लहान गोष्ट. हे कर्ज इतक्या स्वस्तात विकले जाते हे लाखो लोकांना कळले, ही मोठी. शीन या विषयात नवखेही नाहीत. महागड्या व्याजाच्या कर्जांविरुद्ध संस्थांची एक आघाडी त्यांनी २०१८मध्येच उभी केली होती. दिखाव्यासाठी माणूस सात वर्षे आधी तयारी करत नाही.

टाटांची भट्टी

पोर्ट टॅलबटची गोष्ट मुंबईपासून तुटलेली नाही. २००७मध्ये टाटा स्टीलने ‘कोरस’ ही कंपनी विकत घेतली आणि वेल्समधला हा कारखाना टाटांचा झाला. आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा अभिमानाने मथळे दिले होते. कधीकाळी आपल्यावर राज्य करणाऱ्यांचा कारखाना भारतीयाने घेतला, याचा आनंद मलाही झाला होता. त्या कारखान्यातला कामगार तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे नव्हता.

जानेवारी २०२४मध्ये टाटांनी पोर्ट टॅलबटच्या दोन्ही झोतभट्ट्या बंद करण्याचे जाहीर केले. ब्रिटनभरात सुमारे २८०० नोकऱ्या जाणार होत्या, त्यातल्या बहुतेक याच गावातल्या. तोटा रोजचा आहे, जुन्या भट्ट्या फार प्रदूषण करतात, त्यांच्या जागी विजेवरची भट्टी येईल, ही कंपनीची बाजू. ती खोटी नाही. पण विजेवरच्या भट्टीला कमी माणसे लागतात, हेही खरे. ३० सप्टेंबर २०२४ला शेवटची झोतभट्टी विझली.

योगायोग असा, की त्याच फेब्रुवारीत बीबीसीवर शीन यांनी दिग्दर्शित केलेली पहिली मालिका आली, ‘द वे’. तीन भागांची. जेम्स ग्रॅहम यांचे लेखन, माहितीपटकार अ‍ॅडम कर्टिस यांचा सहभाग. पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्यात असंतोष पेटतो, दंगल होते, वेल्स आणि इंग्लंडमधली सीमा बंद होते आणि एका साध्या कामगार कुटुंबाला निर्वासित होऊन पळावे लागते. शीन यांनी त्यात घरातल्या मेलेल्या आजोबांची छोटी भूमिकाही केली. मालिका निर्दोष नाही. पुढे ती कथेपेक्षा प्रतीकांच्या मागे लागते. पण तिची मूळ कल्पना विलक्षण आहे. जे प्रेक्षक रोज रात्री टीव्हीवर निर्वासितांच्या बोटी पाहतात, त्यांनाच विचारायचे की, बोटीत तुम्ही असता तर? सीरिया, गाझा किंवा रोहिंग्यांच्या छावण्यांकडे पाहून हळहळणे सोपे असते. आपल्याच गल्लीतला दरवाजा बंद करून पोराबाळांसह निघण्याची कल्पना करणे अवघड. दिग्दर्शक म्हणून शीन यांनी अवघड वाट धरली.

दानाच्या पुढे

यावर कुणी म्हणेल, एका नटाने घरे विकून आणि कर्जे फेडून जग बदलते का? नाही बदलत. ९०० जण सुटले, त्यांच्या शेजारचे ९०० तसेच राहिले. शिवाय शीन पुन्हा कमावू शकतात, हे ते स्वतःही कबूल करतात. दोन घरे विकलेला नट आणि एक खोली गमावलेला कामगार यांची बरोबरी नाही.

पण याचे उत्तरही त्यांच्याच कामात आहे. २०२४मध्ये त्यांनी ‘नाय’ या नाटकात अन्यूरिन बेव्हन साकारले. बेव्हन वेल्समधल्या ट्रेडेगरचे. १३व्या वर्षी खाणीत उतरलेला हा पोरगा पुढे ब्रिटनचा आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ला त्याने सगळ्यांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू केली. ट्रेडेगरचे कामगार आपल्या पगारातून थोडे थोडे पैसे काढून दवाखाना चालवत. तेच बेव्हनने अख्ख्या देशासाठी केले. नाटकात हा बेव्हन स्वतः उभारलेल्या व्यवस्थेच्याच रुग्णालयात, पायजमा घालून खाटेवर आहे. २०१५मध्ये याच ट्रेडेगरमध्ये भर पावसात शीन यांनी आरोग्यसेवेच्या बाजूने भाषण केले होते. म्हणजे दानाने व्यवस्थेची जागा घ्यावी, असे त्यांचे म्हणणे नाहीच. व्यवस्था मोडत असताना ती आठवून देणे आणि तोवर हाती येईल ते करणे, असा त्यांचा मार्ग आहे. ‘नॅशनल थिएटर वेल्स’चे अनुदान गेले आणि संस्था बंद पडली, तेव्हा जानेवारी २०२५मध्ये त्यांनी ‘वेल्श नॅशनल थिएटर’ची घोषणा केली. सुरुवातीला पदरचा पैसा घातला. ज्या शिडीने आपण चढलो ती कुणी काढून नेली, तर निदान एक बांबू आपण रोवायचा.

आता आपले. आपल्या मोहल्ल्यांतूनही मुले बाहेर पडली. डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली, दुबईला आणि पुण्याला गेली, काही चित्रपटांतही गेली. ईदला येतात, अम्मीच्या हातचा शीरखुर्मा खातात आणि तिसऱ्या दिवशी बॅगा भरतात. मीही त्यांतलाच एक आहे. आपण बाहेर पडलो ही चूक नव्हती. ‘मी बाहेर पडलो, कारण मी इतरांहून वेगळा होतो’ असे मानू लागलो, ती चूक. शीन यांनी ती केली नाही. त्यांना आठवत राहिले, की आपल्याआधी कुणीतरी वर्गणी काढली होती, कुणीतरी नाटक शिकवले होते, कुणीतरी कारखान्यात राबत होते.

खाला आता नाहीत. त्यांचे कर्ज किती होते, ते मी कधी विचारले नाही. त्या वेळी माझ्या खिशात जेवढे होते, तेवढ्यात कदाचित एका गटाचे हप्ते भरले गेले असते. विचारले असते तर द्यावे लागले असते, म्हणून विचारले नसेल. या ईदला गावी जाईन, तेव्हा दोन दिवस जास्त राहायचे ठरवले आहे. मशिदीच्या कमिटीत बसून एक वही उघडायची आहे. पहिल्या पानावर वर्गणीचे आकडे नकोत. कुणाच्या दारावरची कडी वाजते, ते लिहायचे आहे.